रंगोजीराव कधी हरले नाहीत

रंगोजीराव काटे हरले, असं वाक्य कुंभकोणमात मी कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मनगट गेलं, तराजू खोटा निघाला, साहेबाने डाव साधला, असं पुष्कळ ऐकलं. त्यातलं निम्मं तर लोक माझ्या हवाल्याने सांगत. मी सरकारी दवाखान्यात कंपौंडर होतो, त्यांच्या शेजारच्या घरात राहत होतो, आणि ते जिथे जिथे लढायला गेले तिथे टॉवेल, पाण्याची बाटली आणि तुरटीचा खडा घेऊन मीच त्यांच्या कोपऱ्यात उभा असे. तेव्हा खरं काय ते सांगायचं, तर ते मलाच सांगायला हवं. इतकी वर्षं सांगितलं नाही, ही माझी चूक.

आम्ही तंजावरकडची मराठी माणसं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. आमची मराठी पुण्याकडच्या माणसाला जुन्या बखरीसारखी वाटते आणि तो गालात हसतो. मी हे छापील मराठीत लिहितो आहे, पण रंगोजीरावांचं बोलणं माझ्याने बदलवत नाही. ते होतं तसंच ठेवतो.

ते एका हायस्कुलात ड्रिलमास्तर होते. उंची बेताची, हात मात्र गुडघ्यांना लागतील असे लांब, आणि पावलं मांजराची. तरुणपणी नागपट्टणमच्या रेल्वे कारखान्यात असताना एका म्हाताऱ्या आयरिश फोरमनने त्यांना मुष्टियुद्ध शिकवलं. तमिळ लोक त्याला कुत्तुचंडै म्हणतात. आमच्या घरच्या बायका नुसतं "तें ठोशांचें" म्हणत. रंगोजीरावांचे आजोबा तंजावरच्या दरबारात चाकरीला होते. राज्य खालसा झालं, चाकरी गेली, आणि घर कुंभकोणमला आलं. त्या घरात "राज्य राहिलें असतें तर" हे शब्द मी इतक्यांदा ऐकलेत, की मला वाटायचं, ही माणसं मीठमिरचीसारखी ते रोजच्या जेवणातच घालतात.

त्यांची विद्या किती होती ते मी एकदा शाळेच्या मैदानावर पाहिलं. वरच्या वर्गातल्या तिघा दांडग्या पोरांच्या हाती त्यांनी खडूने माखलेली तीन फडकी दिली, स्वतः अंगात काळा सदरा चढवला, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "लावा डाग." पोरं धापा टाकायला लागली तरी सदऱ्यावर एक डाग नाही. धावपळ अशी नाहीच. मान एवढीशी कलायची, खांदा एवढासा वळायचा, आणि फडकं हवेत. गणिताचे मास्तर, जे कधी कशाला हसत नसत, ते टाळ्या वाजवत होते. तेव्हा कोर्टातला एक पहिलवानी कारकून पुढे झाला. तमिळ लोक रावांना रायर म्हणतात. तो म्हणाला, "रायर, आता हात सोडा. माझ्याशी एक खरी लढत होऊ द्या."

रंगोजीरावांचं हसू तिथल्या तिथे मावळलं. "आज नको. रात्रीं झोंप झाली नाहीं," ते म्हणाले आणि सदरा सरळ करू लागले.

ही त्यांची खोडच होती. आधीच सांगून ठेवायचं. मरुदानल्लूरच्या मठात आम्ही भजनाला जात असू. रंगोजीरावांचा गळा गोड, पण तंबोरा लागला की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत, "पित्त झालें आहे, आज जमणार नाहीं." मग गात, आणि असं गात की म्हातारे डोळे पुसत. गाऊन झाल्यावर कुणी वाखाणलं तर म्हणत, "पित्त नसतें तर ऐकलें असतेंस." बुद्धिबळाचा डाव रंगात आला की त्यांचं डोकं दुखायला लागे. पट तसाच ठेवून ते उठत. आमच्या ओसरीवर अर्धवट राहिलेल्या डावांना तोटा नव्हता. मी तेव्हा हे हसण्यावारी नेत असे.

नागपट्टणमला जोन्स नावाच्या फायरमनशी त्यांची लढत ठरली, तिथे माझं हसू संपलं. तो आगगाडीवरचा अँग्लो-इंडियन गडी, मानेने बैल. पहिल्या दोन फेऱ्या रंगोजीरावांनी त्याला असा नाचवला, की त्याच्याच बाजूचे लोक आमच्या बाजूने ओरडू लागले. जोन्सचा डावा डोळा मिटत आला होता. तिसरी आणि शेवटची फेरी उरली होती. ती नुसती उभं राहून काढली असती तरी निकाल आमचा होता. फेरी सुरू झाली आणि जोन्सचा एक ठोसा यांच्या हनुवटीला लागला. फार जोराचा नव्हता. त्याहून मोठे ठोसे त्यांनी सरावात खाल्लेले मी पाहिले होते. पण मी त्यांचा चेहरा पाहिला. मार लागलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. आपल्या लपवलेल्या वहीतलं काही कुणी मोठ्याने वाचून दाखवलं की माणूस जसा दिसेल, तसे ते दिसले. त्यानंतर त्यांनी हात खाली सोडले, वळले, आणि चालत माझ्याकडे आले.

"मनगट गेलें," ते म्हणाले.

मी हातमोजा काढला. मनगट दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं. सूज नाही, हाड जागेवर. ते माझ्याकडे पाहत होते. मी दवाखान्यातला माणूस, चारशे डोळे आमच्यावर. मी पिशवीतून पट्टी काढली आणि त्या धडधाकट मनगटाला नीट, घट्ट, शास्त्रोक्त बांधली.

पुढे तीन महिने ते ती पट्टी वागवत होते. मैली झाली की मीच बदलून देत असे. "त्या दिवशीं मनगट ठीक असतें तर," असं म्हणून ते थांबत, आणि पुढचं वाक्य ऐकणारा पुरं करी.

मग मद्रास. साऱ्या इलाख्याच्या स्पर्धा होत्या आणि जिंकणाऱ्याला कलकत्त्याला पाठवणार होते. हेडमास्तरांनी स्वतः त्यांचं नाव धाडलं. ठरावीक वजनाच्या आत असलं तरच त्या गटात लढता येतं, म्हणून आदल्या दिवशी मोठ्या बाजारातल्या तांदळाच्या वखारीत त्यांना तराजूवर बसवलं. वजन अगदी काठाला, पण आत. वखारवाला म्हणाला, "आता फक्त पाणी प्या, रायर. कलकत्ता तुमचंच."

सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. मायावरमला त्यांनी इडल्या मागवल्या. मला वाटलं, दोन खातील. सहा खाल्ल्या. चिदंबरमला वडे, विळुपुरमला दहीभात, केळी, पुन्हा केळी.

"रंगोजीराव, वजन," मी म्हणालो.

"भूक लागली तर खाऊं नये कां?"

भूक नव्हती. भूक लागलेला माणूस मी रोज पाहतो, तो असा खात नाही. ते खिडकीबाहेर पाहत, घास न चावता, औषध गिळावं तसे गिळत होते. विळुपुरमला द्रोण खाली ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखा भाव. मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून शेतं पाहत बसलो.

मद्रासला तराजूपाशी एक गोरा सार्जंट होता आणि एक तमिळ कारकून. दोन पौंड जास्त भरले. कारकुनाने बिचाऱ्याने तीनदा तोलून पाहिलं. सार्जंट म्हणाला, एक तास देतो, धावून घाम काढून या. आमच्याच देखत एक किडकिडीत पोरगा दोन कांबळी गुंडाळून मैदानाला फेऱ्या मारून आला आणि वजनात बसला. मी आमचं कांबळं सोडलं.

"पळा, रंगोजीराव. दोन पौंड म्हणजे काय, दोन तांबे पाणी. मी येतो बरोबर."

ते चिंचेखाली बसून राहिले. "तराजू खोटा आहे, वेंकोबा."

"नाही. तुमच्यामागून मी चढून पाहिलं. दवाखान्यात भरतं तेवढंच भरलं."

त्यांनी मान वर केली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "तूं कोणाच्या बाजूचा?" त्यांनी विचारलं. अगदी हळू. विनवल्यासारखं.

मी कांबळ्याची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी त्या गटात जो सोजीर जिंकला त्याची लढत मी उभा राहून पाहिली. तो बरा होता. रंगोजीरावांनी त्याला हरवलं असतं का? मला वाटतं, हरवलं असतं. पण खात्रीने मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. जन्मभर राबून त्यांनी मिळवली ती एवढीच गोष्ट.

परतलो तेव्हा स्टेशनवर गर्दी होती. बातमी आमच्या आधी पोचली होती, की हिंदी माणूस जिंकेल या भीतीने साहेबांनी तराजूत खोट केली. ते दिवसच असे होते की हे कुणालाही पटावं, आणि दहातल्या नऊ गोष्टींत ते खरंही असे. एका तरुण वकिलाने फलाटावर बाकावर चढून भाषण केलं. रंगोजीरावांच्या गळ्यात हार पडले. ते खाली पाहत उभे होते. मी पिशवी घेऊन मागे उभा होतो. वकिलाने मला विचारलं, "तुम्ही तर होतात तिथे. खरं ना?" मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते त्याला हवं तसं त्याने घेतलं.

दुसऱ्या दिवशी अंबुवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला विहिरीपाशी गाठलं. "भावोजी, तराजू खोटा होता?"

मी पोहरा विहिरीत सोडला.

"सरि, कळलें," त्या म्हणाल्या. घागर कडेवर घेतली. "हार घातले तेव्हां बरे दिसले. घरीं येऊन हार काढले, तेव्हांपासून मजकडे पाहात नाहींत."

त्यानंतर ते रिंगणात उतरले नाहीत. आमंत्रणं येत. ते म्हणत, जिथें न्याय नाहीं तिथें लढावें कशाला. गावात त्यांचा मान वाढला. नव्या मास्तरांना त्यांची ओळख करून देताना लोक आवाज खाली आणत. आणि ते शाळेतल्या पोरांना डावं-उजवं शिकवत म्हातारे होऊ लागले, चाळिशीच्या आधीच.

वडिवेल आला तो यानंतर पाच-सहा वर्षांनी. स्वामीमलैला काशाच्या मूर्ती ओततात, तिथल्या एका कारखान्यात तो कानस मारण्याचं काम करी. वीस-बावीस वर्षांचा, कोपरापासून मनगटापर्यंत तापल्या धातूचे डाग. त्याने येऊन सरळ लोटांगण घातलं. "सर, मला शिकवा."

रंगोजीराव नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी त्याला वर्षभर शिकवलं, आणि असं शिकवलं की पाहणाऱ्याने पाहत राहावं. पोराच्या अंगात त्यांच्या निम्मीही कला नव्हती. पाय जड, नजर उशिरा पोचणारी. पण त्याला एकच गोष्ट चारदा सांगितली तर तो पाचव्यांदाही विचारी, लाज नाही. दर रविवारी तो स्वामीमलैहून चालत येई, मार खाई आणि अंबुवहिनींच्या हातचं चारदा वाढून घेऊन जेवी. त्या वर्षात मी रंगोजीरावांना दोनदा शीळ घालताना ऐकलं. अंबुवहिनीही बोलू लागल्या होत्या. मला वाटलं, सुटले. आता याच्या हातांनी ते लढतील.

तिरुचिरापल्लीला वडिवेलची पहिली मोठी लढत लागली, एका पोलीस शिपायाशी. मी पुन्हा टॉवेल आणि तुरटी घेऊन कोपऱ्यात. पहिली फेरी बरोबरीची. दुसरीत वडिवेल एकदा पडला, उठला. येऊन स्टुलावर बसला तेव्हा ओठ फुटला होता आणि छाती भात्यासारखी हलत होती. मी रक्त थांबवत होतो. रंगोजीराव त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले. वाकून त्याच्या कानाशी ते तमिळमध्ये म्हणाले, "मनगट दुखतंय म्हणून सांग."

पोराला कळेना. "नाही दुखत, सर."

"सांग रे. मी सांगतो पंचांना. मनगट गेलं म्हण, आणि इथेच बस."

"पण दुखत नाही ना, सर," वडिवेल म्हणाला. तोवर घंटा झाली आणि तो उठून गेला.

तो हरला. चांगला सणसणीत हरला. शेवटपर्यंत पुढे जात राहिला, शेवटपर्यंत खात राहिला. निकाल झाल्यावर त्याने त्या शिपायाला मिठी मारली आणि आमच्याकडे आला तो फुटक्या ओठाने हसत. "काय मारतो, सर, तो! पुढच्या वेळी मला डाव्या बाजूने शिरायला पाहिजे. शिकवाल ना?" मग स्टेशनजवळच्या खानावळीत त्याने तीन वेळा भात मागून घेतला. ओठ झोंबत होता म्हणून एकेक घास दुसऱ्या बाजूने चावत होता आणि मधेमधे स्वतःशीच हसत होता. रंगोजीरावांनी पानाला हात लावला नव्हता. ते त्याला जेवताना पाहत होते.

गाडीत वडिवेल समोरच्या बाकावर आडवा होऊन झोपला. तंजावर गेलं, पापनाशम गेलं. रंगोजीराव बराच वेळ त्याच्याकडे पाहून म्हणाले, "त्यास कांहींच झालें नाहीं रे, वेंकोबा."

"ओठ आहे, चार दिवसांत भरेल."

"तसें नव्हे. तो हरला. सगळी ताकद लावून हरला. आणि कांहींच झालें नाहीं."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. बाकाच्या फळीवर त्यांनी दोन्ही तळहात उपडे ठेवले होते आणि ते त्या हातांकडे पाहत होते. एवढे सुंदर हात मी जन्मात पाहिले नाहीत. ते पंचेचाळिशीला टेकले होते. आता कळून उपयोग काय, हे त्यांनाही कळत होतं. त्या क्षणी ते रडले असते, मला चार शिव्या दिल्या असत्या, तर कदाचित काही वाचलं असतं. त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

पुढच्या रविवारी वडिवेल आला तर दार लावलेलं. आतून रंगोजीराव म्हणाले, "ताप आहे." त्याच्या पुढच्या रविवारीही ताप होता. पाच रविवार तो पोरगा स्वामीमलैहून चालत आला, अर्धा-अर्धा तास दारात उभा राहिला, आणि मग यायचा थांबला. दोन वर्षांनी त्याने त्याच गावात, त्याच शिपायाला हरवलं. पेढे घेऊन पाया पडायला आला. तेव्हाही ताप होता. पेढे अंबुवहिनींनी घेतले, पदराने डोळे पुसले आणि त्याला म्हणाल्या, "नीट राहा बाळा. इकडे येऊं नको."

माझी बदली होऊन मी दहा-बारा वर्षं बाहेर होतो. परत आलो तेव्हा रंगोजीराव पेन्शनीत निघाले होते, तिरुवलंचुळीला मेव्हण्याच्या घरी राहत होते, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड-अंधार तेवढा कळे. आमच्या दवाखान्यात तेव्हा एक फार हलक्या हाताचा शस्त्रवैद्य होता. मी बोललो, दिवस ठरवला, बैलगाडी पाठवली. सकाळी नऊ वाजता ते दवाखान्याच्या वऱ्हांड्यातल्या खाटेवर धुतलेल्या धोतरात बसले होते आणि अंबुवहिनी त्यांच्या पायांशी.

डॉक्टरांनी डोळे तपासले. म्हणाले, "अगदी काढण्याजोगे आहेत. बहुतेकांना चांगलं दिसतं. एखाद्यालाच नाही दिसत."

"एखाद्यास," रंगोजीराव म्हणाले.

मग ते खोकले. डॉक्टर थांबले. शस्त्र चालवताना रोगी खोकला तर डोळा जातो, हे त्यांनीच सुरुवातीला समजावून सांगितलं होतं. रंगोजीराव पुन्हा खोकले. "रात्रभर येतो आहे," ते म्हणाले. "आज जमणार नाहीं."

अंबुवहिनींनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी बोललो. "डॉक्टर, यांना खोकला नाही. छाती साफ आहे, मी आत्ताच पाहिली." माझा आवाज चढला होता. "रंगोजीराव, खोकला नाही तुम्हाला! कधीच काही नव्हतं तुम्हाला!"

ते माझ्या आवाजाच्या दिशेने वळले. त्या पांढऱ्या बाहुल्या माझ्यावर रोखल्या गेल्या आणि ते खोकत राहिले, पोटातून ओढून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डॉक्टर बिचारा काय करणार? खोकणाऱ्या माणसावर शस्त्र धरता येत नाही. मीच त्यांना हात धरून गाडीत बसवलं. अंबुवहिनी मागून चढल्या. मार्गळी महिन्याची थंडी सरली की येऊं, असं रंगोजीराव गाडीवानाला सांगत होते. मार्गळी सरली, दुसरी आली, डॉक्टरांची बदली झाली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिरुवलंचुळीला, एका दुपारी. ओट्यावर बसले होते. शेजारी, गावातल्या पांढऱ्या विनायकाच्या दर्शनाला आलेला कुणी परगावचा म्हातारा सावलीला टेकला होता. मी पायऱ्या चढताना रंगोजीराव त्याला सांगत होते, "डोळे माझे उत्तम आहेत. वरती पडदा आला आहे इतकेंच. तेव्हां काढला असता तर आज सुईंत दोरा ओवून दाखवला असता तुम्हांस." म्हातारा हळहळला. रंगोजीरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. खरं समाधान, पोट भरल्यासारखं. आत अंबुवहिनींच्या जात्याची घरघर चालू होती, ती क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

मी थोडा वेळ बसलो. निरोप घेतला, पायऱ्या उतरलो आणि डाव्या हाताला रस्त्याला लागलो. वळून पाहिलं, तर ते ओट्याच्या उजव्या टोकाशी उभे होते. तिकडे कुणीच नव्हतं. रिकाम्या गल्लीकडे तोंड करून, हात वर करून ते म्हणत होते, "सांवकाश जा रे, वेंकोबा."

मी हाक मारली नाही.